जानीचं बोचकं

डहाणू,
१३ ऑक्टोबर २०१७

ती. वेणूवहिनीस,
निलमचा नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर माझं पत्र आलं की तू म्हणतेस, "आली हिची मागणी." म्हणून आधीच सांगते, मागणी आहे. पण पूर्ण वाच, मग कपाळाला हात लाव.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी इकडून ओरडत होते, तू तिकडून नुसतं "हो हो" करत होतीस आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं आमच्याकडे भांडण लागलंय. तुझे कान गेल्यापासून जिव्याचा टेम्पोच बरा. येताना मासळी आणतो, जाताना चिठ्ठी नेतो.

तुला माहीतच आहे, मी नर्सच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडच्या मागे टेबल मांडतो. डॉ. हितेशभाईंचा दवाखाना त्या वेळी बंद असतो, म्हणून गुरुवार. मनिष रिक्षावाला टेबल आणि औषधांची पेटी आणतो, डॉक्टर तपासतात, मी ड्रेसिंग करते. ज्यांना घर नाही अशी माणसं येतात. कोणी जिन्याखाली झोपतं, कोणी मासळी बाजाराच्या ओट्यावर, कोणी एसटी स्टँडच्या शेडमध्ये. आम्ही आधी नाव विचारतो, मग दुखणं. आधी दुखणं विचारलं की माणसं उठून जातात, हे सुरुवातीलाच कळलं.

त्यातली एक जानी. तलासरीकडच्या पाड्यावरची. नवरा गेला, मूलबाळ नाही. दीर-जावांनी घर वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला अंगण आलं, असं ती स्वतःच हसून सांगते. मग किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या कामाला लागली आणि तिथंच तिची वर्षं गेली. पायाला जखम झाली, उभं राहता येईना, काम सुटलं आणि ती स्टेशनच्या जिन्याखाली आली. तिला डायबेटिस आहे. तळपायाला खोल जखम आहे आणि वाईट म्हणजे ती तिला दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती चालते, आणि चालते म्हणून जखम भरत नाही.

हितेशभाईंनी स्पष्ट सांगितलं, "निलमबेन, दोन-तीन महिने हा पाय जमिनीला टेकला नाही तर वाचेल. नाहीतर आधी बोटं कापायला लागतील, मग पाय."

दोनदा तिला दवाखान्यात भरती केलं. दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांत बोचकं उचलून पुन्हा जिन्याखाली हजर. त्या बोचक्याची तर वेगळीच कथा. जुन्या लुगड्यात बांधलेलं एवढंसं गाठोडं, पण जेवताना मांडीवर, झोपताना मनगटाला बांधलेलं. तपासताना डॉक्टर म्हणाले, "बाजूला ठेवा ना जरा," तर तिने पायच मागे घेतला.

माझं घर दुसऱ्या मजल्यावर, एका पायाने ती जिने कशी चढणार? तुझी पडवी मोठी आहे. दादा गेला, तुझा उमेश बोटीवर, तू एकटी. तीन महिने तिला ठेवशील का? जेवणखाण, औषध सगळं आमच्याकडून. तिने नुसतं बसून राहायचं.

नाही म्हणू नकोस.

तुझी,
निलम


वरोर,
१६ ऑक्टोबर २०१७

चि. निलमबाय,
आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचलं. मग कपाळाला हात लावला.

माझं घर काय तुला धर्मशाळा वाटली? लहानपणी तू लंगडी मांजरं उचलून आणायचीस आणि तुझी आई मला म्हणायची, वेणू, एवढं वेशीबाहेर सोडून ये गं. मी नवी नवरी, डोक्यावर पदर आणि काखेत मांजर. सगळा गाव हसायचा. आता माणसं आणायला लागलीस.

तिने नुसतं बसून राहायचं म्हणतेस. या घरात नुसतं बसलंय कोण आजवर? तुझा भाऊ अंगात ताप घेऊन जाळी शिवायचा. बसून राहिलेलं माणूस मला बघवत नाही, मग ते आजारी असो की पाहुणं. चार दिवसांत मी तिला बोलेन, मग ती रडेल, मग तू मला बोलशील.

आणि मला सध्या आजारपणं काढायला वेळ कुठे आहे? बोंबील लागलाय. उमेश टोपल्यांवर टोपल्या आणून टाकतो आणि माझे हात दोनच. मागच्या साली दोघी कामाला यायच्या, त्या आता कंपनीत जातात.

तेव्हा असं कर. तुझ्या त्या बाईला विचार, बोंबील जोडता येतात का. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, हे काम बसल्या जागी होतं. येत असेल तर पाठव. गावात चालते ती रोजची मजुरी देईन, वर जेवण. पण कामाला पाठव. पेशंट मी ठेवत नाही.

दिवाळीला येताना जिलेबी आण. माझ्या साखरेची चौकशी करू नकोस.

वेणूवहिनी


डहाणू,
२७ ऑक्टोबर २०१७

ती. वहिनीस नमस्कार.

तुझं पत्र वाचून मला राग आला, अजून गेलेला नाही. दिवाळीत बोलले नाही, कारण तू चकल्या पुढे केल्यास. आजारी बाईसाठी जागा मागितली तर तू तिला कामाला ठेवायला निघालीस. दादा असता तर असं म्हणाला असता का?

पण काल झालं ते सांगते. टेबलाशी मी मनिषला तुझं पत्र चिडून वाचून दाखवत होते. जानी बाजूला बसली होती, पाय माझ्या स्टुलावर. एकदम म्हणाली, "बोंबील? कुठं, वरोरला? सुकवायचे का?"

मी म्हटलं, "जानीबाई, तुम्हाला आराम करायचाय."

तर म्हणते, "आराम माना नाय येत. बोंबील येतात."

आज सकाळी मनिष चहा प्यायला उतरला आणि परत येऊन बघतो तर ही मागच्या सीटवर बोचकं मांडीत घेऊन बसलेली. "चल वरोरला," म्हणाली. जिच्यासाठी मी चार महिने हातापाया पडत होते, ती एका बोंबलासाठी तयार झाली. माझ्या मनाविरुद्ध पाठवते आहे.

आता नीट वाच. पाय जमिनीला टेकवायचा नाही, अगदी चार पावलांसाठीसुद्धा नाही; काठी आणि दुसरा पाय. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. एक दिवसाआड ड्रेसिंग. आज मनिषबरोबर येऊन तुला शिकवून जाईन आणि विसरू नयेस म्हणून ही चिठ्ठी हातात देईन. पुढचं मी दोन आठवड्यांनी येऊन बघेन.

निलम


वरोर,
९ नोव्हेंबर २०१७

चि. निलमबाय,
आशीर्वाद.

तुझी पेशंट, म्हणजे माझी कामवाली, जिवंत आहे. मीही आहे.

मासळीच्या एका क्रेटवर ती बसते, दुसऱ्या क्रेटवर पाय. मी पुढ्यात टोपली ओतते. बाई, काय हात चालतो तिचा! बोंबील दिसतो, मग जोडी दिसते, मधलं काही दिसतच नाही. बघायला शेजारच्या बायका येऊन गेल्या. मी म्हटलं, बघा आणि शिका.

बोलत मात्र नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं, माझं काही चुकलं. मग लक्षात आलं, तिला बोलायला आवडत नाही आणि मला ऐकू येत नाही. इतकं शांत घर मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं.

आत झोप म्हटलं तर झोपत नाही. पडवीच्या कडेला, उंबऱ्याबाहेर. तिथली खुंटी दाखवली, ज्यावर तुझा भाऊ सदरा टांगायचा. म्हटलं, टांग इथं बोचकं, कोणी खात नाही. माझ्याकडे अशी बघितली जणू मी चोरांची पुढारी. मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि झोपली.

पायाची काळजी करू नकोस. तुझं औषध आहे आणि आपल्या घरचेही उपाय आहेत. आपण काही काल जन्मलो नाही.

बोंबील पाठवते आहे, तिच्या हातचे. जोड्या मोडू नकोस, तशाच तळायला घे.

वेणूवहिनी


डहाणू,
१३ नोव्हेंबर २०१७

वहिनी,

काल तुझ्या दारात मी बोलले नाही, कारण जानी समोर होती आणि तुझ्यावर ओरडायचं तर सगळ्या गावाने ऐकलं असतं. आज लिहिते.

पट्टी सोडली तर आत वाळू. समुद्राची वाळू! जखमेच्या कडा पांढऱ्या पडून फुगलेल्या आणि आधी होती त्याहून खोल. जानी म्हणाली, "वहिनी नेते ना रोज, खाऱ्या पाण्यात." वहिनी, तू तिला रोज पाण्यात पाय बुडवायला नेत होतीस? मी "पाणी लागू द्यायचं नाही" असं लिहिलं होतं की नव्हतं?

आज हितेशभाईंना फोटो दाखवला. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, करंगळीजवळ काळं पडायला लागलंय. दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर बोट काढावं लागेल आणि तिथं थांबेलच असं नाही.

आणि दुसरं. मी आले तेव्हा ती बोंबील जोडत होती, जेवून पुन्हा जोडायला बसली, मी निघाले तेव्हाही जोडत होती. तिला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, वहिनी. तुला हात हवे होते ते मिळाले, पण त्या हातांना एक पायही आहे. हे काम थांबव. तिला नुसतं बसू दे, जेवू दे, झोपू दे. जमत नसेल तर तसं सांग, मी येत्या रविवारी मनिषची रिक्षा घेऊन येते आणि तिला परत आणते.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण लिहिते.

निलम


वरोर,
१५ नोव्हेंबर २०१७

चि. निलमबाय,

वाळूचं खरं. माझीच चूक. आपल्याकडे कुणाला काटा लागो, सुरी लागो, पहिलं कोण काय म्हणतं? जा, खाऱ्या पाण्यात उभा राहा. तुझ्या भावाचा हात गळाने फाटला होता तो असाच भरला, तू स्वतः बघितलास. मला वाटलं, तुझं औषध दोन दिवसांत करील ते दर्या एका दिवसात करील. तिलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघी शहाण्यासारख्या हातात हात घालून जात होतो, ती एका पायावर उड्या मारत. पाय दुखत नव्हता म्हणून आम्हाला कळलंच नाही.

तुझी ती जखम धुवायची बाटली उमेशला वाचायला लावली. तो म्हणाला, आई, हे पण मिठाचंच पाणी. बघ! पण तो म्हणाला, यात किडे नसतात, दर्यात गावाची गटारं सुटतात. ते पटलं. आता तिला पाण्याच्या बाजूला बघूसुद्धा देत नाही. बोट गेलं तर ते मी घालवलं म्हणेन मी स्वतःला. दोन रात्री डोळा लागला नाही, हे तुला सांगते, तिला सांगू नकोस.

पण कामाचं तू म्हणतेस ते ऐकणार नाही.

तुझं पत्र आल्यावर मला पण वाटलं, निलम नर्स आहे, तिला जास्त कळतं. काल टोपली तिच्या पुढ्यात ठेवलीच नाही. म्हटलं, बस नुसती, हितेश डॉक्टरांचा हुकूम आहे. ताट वाढून दिलं. ताटाकडे बघत बसली. अर्ध्या भाकरीवर उठली. मी भांडी घासून येते तर क्रेट रिकामा. धावत गेले. बसच्या थांब्यापाशी उभी, बोचकं काखेत, आणि पाय टेकवलेला, निलमबाय, सबंध टेकवलेला. मी म्हटलं, काय झालं गं? तर कानाशी तोंड आणून म्हणाली, "बसून खायाला मी काय पावणी हाय? पावणी किती दिस ऱ्हाते?"

मी म्हटलं, दोन टोपल्या पडल्यात, सडतील, चल लवकर. तेव्हा आली.

मी काही दयाबिया केलेली नाही. मला खरंच माणूस हवा होता, आणि तिला ते कळतं, म्हणून ती राहते. उद्या नको झाला तर ती जाईल. हवं तर दुपारी तिला दोन तास आडवी करते, पण काम काढून घेणार नाही. रिक्षा आणायची तर आण. रिकामी परत न्यावी लागेल.

वेणूवहिनी


डहाणू,
५ डिसेंबर २०१७

वहिनी,

घाईत लिहिते. डिसेंबरात हा पाऊस कुठून आला! टीव्हीवर वादळाचं सांगताहेत. उमेशची बोट आली का? बोंबील? आणि जानीचा पाय? करंगळी कशीबशी वाचलीय, आता भिजली तर संपलं. तिला घराबाहेर पडू देऊ नकोस. जिव्या आला की उत्तर दे.

निलम


वरोर,
७ डिसेंबर २०१७

चि. निलमबाय,
आशीर्वाद.

उमेश सुखरूप. बोट सोमवारीच वर ओढली. बोंबील अर्धे गेले, अर्धे राहिले. आणि जे राहिले ते कसे राहिले, ते ऐक.

सोमवारी संध्याकाळी मी आत चुलीपाशी होते. बाहेर पाऊस पडतोय हे मला कसं कळणार? पत्र्यावर काय वाजतं ते कानांनी कधीच सोडलंय. भाकरी थापत होते आणि पाठीवर फाटकन काहीतरी ओलं आदळलं. वळून बघते तर बोंबील! दुसरा डोक्यावर. दारात जानी बसलेली, हात उचलून तिसरा मारायच्या तयारीत, आणि तोंडाने ओरडतेय. तिला ओरडता येतं हे मला पहिल्यांदा कळलं, म्हणजे दिसलं.

मी बाहेर धावले. आणि तुझी पेशंट काय करत होती? पायावर प्लास्टिकची पिशवी, वर सुतळी. पाय आडव्या काठीसारखा वर धरलेला आणि बाई बसल्या बसल्या सरकतेय. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्यातून, दोऱ्या ओढत. मी बाहेरून सोडायची, ती आत ओढून घ्यायची. मी म्हटलं, पाय! तर ओरडली, "वरच हाय, बघ की!" भर पावसात आम्ही दोघी हसत सुटलो. नुकसान केवढं झालं, आणि आम्ही हसतोय. शेजारच्यांना वाटलं असेल, म्हातारीचं डोकं गेलं.

पिशवी सोडून बघितली. पट्टी कोरडी. तुझी शपथ, अगदी कोरडी.

वाचलेले बोंबील सगळे माजघरात टांगलेत. एक दोरी तुझ्या भावाच्या फोटोच्या खिळ्याला बांधली आहे. रागावू नकोस, त्याला वास आवडायचा. पडवी भिजली म्हणून जानी पहिल्यांदा आत झोपली, बोंबलांच्या खाली. बोचकं मनगटालाच.

वेणूवहिनी


डहाणू,
९ मार्च २०१८

ती. वहिनीस नमस्कार.

काल तू तिला टेबलाशी घेऊन आलीस तेव्हा गर्दीत धड बोलता आलं नाही. तू पण कशी, हितेशभाई पाय तपासत होते आणि तू त्यांच्या डोक्यावर उभी, "झाली ना? भरली ना? बोला की!" बिचारे डॉक्टर उत्तर देत होते आणि तुला ऐकू येत नव्हतं.

म्हणून लिहून देते. जखम भरली. पूर्ण भरली. पाचही बोटं जागच्या जागी आहेत. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, "निलमबेन, खरं सांगू? मला नव्हतं वाटलं." मनिषने चांभाराकडून मऊ तळाची चप्पल करून आणली आहे, जिव्याबरोबर पाठवते. अनवाणी अंगणातसुद्धा जायचं नाही, रोज रात्री तळपाय बघायचा. हे आता जन्मभर.

नोव्हेंबरात मी तुला नाही नाही ते लिहिलं. वाळूचं मागे घेत नाही. बाकीचं घेते.

आणि एक विचारायचं होतं. मी तीन महिने म्हटलं होतं, आता पाच होत आले. तुझ्यावर कायमचा भार नको. तिची दुसरीकडे सोय बघू का?

निलम


वरोर,
१४ मार्च २०१८

चि. निलमबाय,

चप्पल मिळाली. जानी ती उशाशी घेऊन झोपते.

सोयीचं विचारलंस. सध्या सुका जवळा निवडायचाय, बारीक मासळीचा ढीग पडलाय. तो झाला की बघू.

वेणूवहिनी


वरोर,
१८ जून २०१८

चि. निलमबाय,

पुन्हा सोयीचं विचारलंस. बोटी पावसासाठी वर आल्यात, जाळी सगळी फाटलेली, उमेशला एकट्याला होणार नाहीत. जानी बरी शिवते. जाळी झाली की बघू.

तुला आंबोशी पाठवली आहे.

वेणूवहिनी


वरोर,
३० ऑगस्ट २०१८, गुरुवार दुपार

निलमबाय,

जानी गेली.

सकाळी मी चुलीपाशी होते. चहा घेऊन पडवीत आले तर अंथरूण घडी घातलेलं, चप्पल नाही, माणूस नाही. थांब्यावर शेजारचा पोरगा उभा होता, तो म्हणाला, डहाणूच्या पहिल्या बसमध्ये चढली.

का गेली ते मला माहीत आहे. रविवारी नारळी पौर्णिमेला उमेशच्या होणाऱ्या सासरची माणसं आली होती. जानीने नारळीभात केला, मीठ कमी, गूळ बेताचा, मला जमत नाही तसा. त्यांनी विचारलं, या कोण? माझ्या तोंडून पटकन गेलं, "कामाला आहे." ती तिथंच ताटं घेऊन उभी होती. ऐकलं तिने.

काय म्हणायला हवं होतं मी? बहीण म्हणाले असते तर त्यांनी विचारलं असतं कुठली बहीण. मैत्रीण म्हणायची सवय नाही आपल्यात. मला सुचलंच नाही, निलमबाय. वर्ष होत आलं, एका ताटातलं लोणचं दोघी खातो, आणि मी तिला चारचौघांत कामवाली करून टाकली. जिला अंगण वाट्याला आलं तिला मीही अंगणातच उभी केली.

उमेश दर्यावर आहे, फोन लागत नाही. आज तुमचं टेबल आहे. तिथं आली तर बघ. त्या जिन्याखाली बघ. रात्री तळपाय कोण बघणार तिचा? एक खडा घुसला तरी तिला कळत नाही.

दिसली तर तिला सांग, वेणू म्हणाली... काय सांगशील? सांग, जाळं अर्धं राहिलंय.

वेणू


डहाणू,
३१ ऑगस्ट २०१८

वहिनी,

हे पत्र जिव्याबरोबर नाही, जानीबरोबरच पाठवते आहे. म्हणजे वाचायच्या आधीच तुझा जीव भांड्यात पडला असेल. तरी बसून वाच.

काल टेबल मांडत होतो, इतक्यात स्टेशनच्या बाजूने दोघी येताना दिसल्या. एक जानी, ताठ, दोन्ही पायांवर. दुसरीला तिने मनगटाला धरून ओढत आणलं होतं. तिचं नाव काळी. जिन्याखाली दोघी एका चादरीत झोपायच्या. काळी तीन वर्षं खोकतेय आणि तीन वर्षं आमच्या टेबलाकडे पाठ करून बसते. जानीने तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "आधी नाव सांग तुजं. मग दुखणं सांगायाचं. असाच असते इथं." हितेशभाईंनी चष्मा काढून पुसला.

रांगेतल्या जुन्या ओळखीच्या माणसांनी तिला विचारलं, अगं, कुठं असतेस आता? तर वहिनी, तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी वरोरला कामाला हाय. बोंबलाच्या." एकदा नाही, ज्याने ज्याने विचारलं त्याला. कोणी तरी कलेक्टर झालंय असा आवाज. तू चारचौघांत कामवाली केलीस म्हणून रडतेस आणि ती ते स्टेशनभर सांगत फिरतेय.

ती तुला न सांगता आलेली नाही. "सांगून आले ना, जाते डहाणूला, सांजा येते, असा." मी विचारलं, वहिनी कुठे होती तेव्हा? "चुलीपाशी, पाठ करून." मी कपाळाला हात लावला. तुझा हक्काचा हात.

आता शेवटचं. काळीची तपासणी होईपर्यंत माझं लक्ष नव्हतं. मग एकदम दिसलं, जानीचे हात मोकळे. मांडीवर काही नाही, काखेत काही नाही. म्हटलं, "जानीबाई, बोचकं कुठं? चोरीला गेलं?"

ती हसली. म्हणाली, "चोरीला कशाला जाईल? घरा हाय. खुंटीला."

वहिनी, नोकरीत इतकी वर्षं मी रक्त बघितलं, मरणं बघितली, पण काल मला पुढची पट्टी धड बांधता आली नाही. मनिषला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

तू खुंटीकडे बघितलंच नाहीस ना?

शेवटची बस चुकली म्हणून दोघी माझ्याकडे झोपल्या. दोन जिने चढून आली ती, स्वतःच्या पायांनी. काळी पण येते म्हणते, "बघून जाते," म्हणते. तुला विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून न विचारता पाठवते. तिची थुंकी तपासायला दिली आहे; रिपोर्ट येईपर्यंत पडवीत, वाऱ्यावर झोपू दे.

निलम


वरोर,
२ सप्टेंबर २०१८

चि. निलमबाय,
आशीर्वाद.

पत्र आणि दोघी एकदमच आल्या. मी त्यांना दारात उभं ठेवून आधी पत्र वाचलं. मग खुंटीकडे बघितलं. तिथंच होतं. त्या दिवशी त्याच्याखालून मी किती वेळा आत-बाहेर केलं असेल, पण मी माणूस शोधत होते, भिंत कोण बघतं? त्या बोचक्यात काय आहे ते मला आजही माहीत नाही आणि मी बघणारही नाही.

जानीला विचारलं, रविवारचा राग आला होता का गं? कानापाशी येऊन ओरडली, "कसला राग? तूच ना माना कामाला लावलं!" मग बसून जाळं पुढे शिवायला घेतलं.

ते माहेरचं खूळ काही जात नाही बघ. आधी तू मांजरं आणायचीस, आता तुझी मांजरं मांजरं आणायला लागली. ही काळी दिसायला काडी, पण जेवते चांगलं. बोंबील जोडायला बसवलं तर सगळ्या जोड्या सुटल्या. जानी तिला रागावली. मला ऐकू आलं नाही, पण तोंड बघून कळलं. शिकेल.

रात्री काळी पडवीत झोपली, स्वतःचं बोचकं पोटाशी धरून.

काल उमेश आला तेव्हा त्याच्याकडून पहिलीच्या बाजूला दुसरी खुंटी ठोकून घेतली. त्याने विचारलं, कशाला? म्हटलं, असू दे. काळीला दाखवलेली नाही. तू पण बोलू नकोस.

पुढच्या रविवारी येताना खोकल्याचं औषध आण.

वेणूवहिनी